ऑनलाइन बॅकअप कुठला घ्यायचा? भाव नंतर बघा, आधी फाइल परत कशी मिळते ते बघा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा मामाचं डीटीपीचं (पत्रिका, पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायचं) दुकान तळमजल्यावर होतं. चार दिवसांनी मी पोचलो तर चिखल बाहेर काढणं चालू होतं, दोन्ही सीपीयू पालथे करून उन्हात ठेवलेले, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. मी पहिला प्रश्न विचारला, "मामा, बॅकअप घेतलेलास ना?" मामा म्हणाला, "घेतलेला रे, दर शनिवारी घ्यायचो. त्याच ड्रॉवरात होती हार्ड डिस्क."

म्हणजे बघा, माणूस शिस्तीचा, बॅकअप नियमाने घेतलेला, आणि तरी पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, शाळांचे अंक सगळं एकाच पाण्यात गेलं. रिकव्हरीवाल्याने थोडंफार काढून दिलं पण निम्म्या फाइल्स उघडल्याच नाहीत.

मग मी शहाणपणा केला. नवीन कॉम्प्युटर आल्यावर सगळं फोल्डर एका क्लाउडच्या सिंकमध्ये (इकडे जे असेल तेच इंटरनेटवर ठेवणारी सोय) टाकून दिलं आणि मामाला सांगितलं की आता पूर येऊ दे नाहीतर काहीही होऊ दे, टेन्शन नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दुकानातल्या पोराने कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून रिकव्हरीतून मिळालेलं "जुनी कामं" नावाचं फोल्डर उडवलं. सिंकने इमानदारीत ते क्लाउडवरूनही उडवलं. हे आम्हाला कळलं जूनमध्ये, जेव्हा एक जण जुनं पुस्तक परत छापायला आला. ट्रॅशचे ३० दिवस तोवर कधीच संपलेले. चूक कंपनीची नव्हती, माझीच होती, मी सिंकला बॅकअप समजून बसलो होतो.

त्यानंतर जे काही वाचलं, लावून बघितलं, पैसे घालवले ते सगळं एका ठिकाणी लिहितोय. घरचा लॅपटॉप असो, दुकान असो, सीएचं छोटं ऑफिस असो, क्रम हाच धरा.

पहिली पायरी: आपल्याकडे आहे काय ते मोजा

सर्व्हिसच्या वेबसाइटवर जायच्या आधी हे करा, कारण ५० जीबीवाल्याला आणि २ टीबीवाल्याला एकच सल्ला लागू पडत नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि साइज कागदावर लिहा. माझे स्वतःचे फोटो आणि व्हिडिओ धरून ६४० जीबी निघाले, मामाचं नव्याने साठलेलं आणि वाचलेलं मिळून १८० जीबी.

मोजताना एकच प्रश्न विचारायचा, हे गेलं तर परत बनवता येईल का? पिक्चर, सॉफ्टवेअरचे सेटअप, डाउनलोडमधला कचरा परत मिळतो, तो सोडा. मुलांचे फोटो, स्कॅन केलेली खरेदीखतं, सातबारे, हिशेब, क्लायंटची कामं हे घ्या. आणि काही गोष्टी अशा असतात ज्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये नसतातच, त्या हमखास राहून जातात. आउटलुकची पीएसटी फाइल, जिच्यात सगळ्या मेल असतात, ती कुठेतरी आत लपलेली असते. टॅलीचा डेटा वेगळ्याच ड्राइव्हवर असतो. ब्राउझरचे बुकमार्क्स असतात. आणि डीटीपीवाल्यांचे फॉन्ट, त्यावर शेवटी येतो कारण तो धडा आम्हाला फार उशिरा मिळाला.

टॅलीबद्दल एक आत्ताच सांगून टाकतो. टॅलीचं चालू डेटा फोल्डर सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. एकीकडे एंट्री चालू असते, दुसरीकडे सिंक त्याच फाइलला हात घालतं, दोन कॉम्प्युटर असले तर अजून गोंधळ, आणि डेटा करप्ट होऊ शकतो. टॅलीमधूनच बॅकअप घ्यायचा, तो वेगळ्या फोल्डरमध्ये पडू द्यायचा, आणि ते फोल्डर ऑनलाइन पाठवायचं.

दुसरी पायरी: अपलोडचं गणित

आपण इंटरनेट घेताना डाउनलोड स्पीड बघतो पण बॅकअपला लागतं अपलोड. स्पीड टेस्ट लावा आणि दुसरा आकडा बघा. सोपा हिशेब असा की १० एमबीपीएस अपलोड असेल तर २४ तास चालू ठेवून दिवसाला साधारण १०० जीबी जातं (काटेकोर केलं तर १०८ येतं पण तेवढं कधीच मिळत नाही). ५ एमबीपीएस म्हणजे ५० जीबी. म्हणजे १ टीबीला १० एमबीपीएसवर दहा दिवस धरा.

मामाकडे तेव्हा ५ एमबीपीएस मिळत होतं, १८० जीबीला साडेतीन दिवस, पण दुकान चालू दहा तास, त्यात लाइट जाणार, म्हणजे खरे दिवस दहाच्या पुढे. आम्ही काय केलं तर रात्री एकच मशीन आणि राउटर इन्व्हर्टरवर चालू ठेवले, मॉनिटर बंद. विंडोजमध्ये स्लीप मोड बंद करायला विसरू नका, नाहीतर सकाळी बघाल तर रात्री साडेअकरालाच झोपलेलं असतं.

अजून एक, फायबरच्या बऱ्याच "अनलिमिटेड" प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची एफयूपी (तेवढं वापरलं की स्पीड पडतो ती मर्यादा) असते, एअरफायबरसारख्या वायरलेस कनेक्शनला बहुतेक १००० जीबी, आणि त्यात सहसा अपलोडही मोजलं जातं. त्यामुळे ज्याचं २ टीबी आहे त्याने पहिला अपलोड दोन महिन्यांत विभागला तर बरं. फोनच्या हॉटस्पॉटवरून पहिला बॅकअप घ्यायचा विचारही करू नका, रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा चहा निवायच्या आत संपेल.

तिसरी पायरी: सिंक आणि बॅकअप यातला फरक डोक्यात बसवा

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड हे मुळात सिंक आहेत. इकडे जे केलं ते तिकडे होतं. फाइल लिहिली तर तिकडे लिहिली जाते, उडवली तर उडते, आणि रॅन्समवेअरने (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) लॉक केली तर लॉक झालेली फाइलच वर जाते. हे सगळं काल्पनिक नाही, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर फाइल्स लॉक केल्या आणि पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा तसलाच व्हायरस आला तेव्हा आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं.

बॅकब्लेझ, आयड्राइव्ह, कार्बोनाइट हे बॅकअप. ते कॉम्प्युटरवरून एकाच दिशेने उचलतात, जुन्या आवृत्त्या ठेवतात, आणि इकडे उडवलेली फाइल तिकडे काही काळ किंवा कायमची राहते. सिंक वाईट आहे असं नाही, ऑफिसमधली फाइल घरी उघडायला ते लागतंच. पण ते बॅकअपच्या जागी धरलं की आमच्या "जुनी कामं"सारखं होतं.

बॅकअपचा ३-२-१ नियम बऱ्याच जणांनी ऐकला असेल, पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकांपर्यंत पोचवला. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मामाकडे दोन प्रती होत्या आणि दोन्ही एकाच टेबलात. ऑनलाइन सर्व्हिस ही ती तिसरी, लांबची प्रत, तिच्यामुळे घरची हार्ड डिस्क फेकून द्यायची नाही. कारण क्लाउड म्हणजे पण शेवटी कुणाचीतरी इमारतच असते. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळलं आणि ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांचा डेटा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांचा जी-ड्राइव्ह नावाचा साठा गेला, ८५८ टीबी, आणि त्याचा बॅकअपच नव्हता. सरकारची ही कथा तर आपलं काय.

चौथी पायरी: कुठलीही सर्व्हिस बघताना हे विचारा

लोक पहिल्यांदा बघतात किती जीबी आणि किती रुपये. मीही तेच केलं होतं. आता मी उलटं बघतो.

उडवलेली फाइल किती दिवस राहते? हा सगळ्यात मोठा प्रश्न. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस, ड्रॉपबॉक्सच्या फ्री आणि प्लस प्लॅनवर ३० दिवस. ३० दिवस खूप वाटतात पण चूक कळायला आम्हाला तीन महिने लागले. घरच्या फोटोंच्या बाबतीत तर दिवाळीला उडालेलं पुढच्या दिवाळीला कळतं.

जुन्या आवृत्त्या किती ठेवतात? एक्सेल शीटमध्ये कुणीतरी चुकीचं सेव्ह केलं, फाइल आहे पण आतला माल गेला, तेव्हा आवृत्ती लागते.

एक्सटर्नल हार्ड डिस्क घेतात का? फोटोग्राफर लोकांचा सगळा माल तिथेच असतो. काही सर्व्हिस घेतात पण ती डिस्क अधूनमधून जोडावी लागते, नाहीतर त्यांना वाटतं की तुम्ही ती फेकून दिली.

किल्ली कुणाकडे? बहुतेक ठिकाणी फाइल्स एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद असतात पण किल्ली कंपनीकडेच असते. काही ठिकाणी स्वतःची किल्ली लावता येते, तिला प्रायव्हेट की म्हणतात. ती लावली की कंपनीलाही आत बघता येत नाही, आणि तुम्ही ती विसरलात तर कस्टमर केअर, रडणं, भांडणं कशाचाही उपयोग नाही, डेटा गेला. सीए, डॉक्टर, वकील यांनी लावावीच असं माझं मत, घरच्या फोटोंना नाही लावली तरी चालतं.

सगळं एकदम परत कसं देणार? ५०० जीबी परत आणायला पुन्हा तेच इंटरनेट. झिप बनवून देतात, का त्यांचं ॲप थेट उतरवतं, का डिस्कवर भरून कुरियर करतात?

पैसे कसे जाणार? ही आपली खास अडचण आहे. डॉलरमध्ये बिल असेल तर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनाचा जादा आकार, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास), वर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. आणि ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा नियम आहे, कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर मॅन्डेट, म्हणजे आपली आधी नोंदवलेली परवानगी, लागतो, परदेशी कंपन्यांपैकी कित्येकांचं ऑटो रिन्यूअल आपल्या कार्डावर नुसतंच फेल होतं. आपल्याला वाटतं चालू आहे, तिकडे प्लॅन संपलेला, मेल प्रमोशन टॅबमध्ये पडलेली, आणि काही दिवसांनी ते डेटा पुसून टाकतात. म्हणून महिन्याचा नको, वर्षाचा प्लॅन घ्या आणि संपायच्या पंधरा दिवस आधीचं रिमाइंडर फोनमध्ये लावा.

आणि कंपनी टिकेल का हेही बघा. मोझी नावाची सर्व्हिस होती, एकेकाळी सगळे तिचं नाव घ्यायचे, २०१९ मध्ये बंद झाली. क्रॅशप्लॅनने ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केलं की घरगुती प्लॅन गुंडाळतोय, सव्वा वर्षात उचला सामान. ॲमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या शेवटी बंद झाला. मोठी कंपनी म्हणून निश्चिंत राहता येत नाही, म्हणून लाइफटाइम प्लॅन घेताना मी दहादा विचार करतो. पीक्लाउडसारखे लोक एकरकमी लाइफटाइम प्लॅन विकतात, हिशेब आकर्षक असतो, पण लाइफटाइम नक्की कुणाचं, आपलं का कंपनीचं?

पाचवी पायरी: आता एकेक सर्व्हिस

गूगल. फुकट १५ जीबी, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात, त्यामुळे बहुतेकांचं केव्हाच भरलंय. पुढे जागा विकत घ्यावी लागते, आपल्याकडे १०० जीबी महिना १३० रुपये आणि २ टीबी महिना ६५० हे भाव बरीच वर्षं होते, आजचे त्यांच्या पानावर बघून घ्या. रुपयात बिल, यूपीआय चालतं, मराठीत सर्च चालतो, आईलासुद्धा वापरता येतं, ही मोठी जमेची बाजू. पण हे सिंक आहे. डेस्कटॉपवरच्या ॲपमध्ये स्ट्रीम आणि मिरर असे दोन पर्याय येतात, स्ट्रीममध्ये फाइल खरी कॉम्प्युटरवर नसतेच, नुसतं नाव दिसतं, हे समजून घ्या. फोटोंसाठी ओरिजिनल क्वालिटी निवडा, स्टोरेज सेव्हर फोटो लहान करतं. आणि दोन वर्षं अकाउंटला हातच लावला नाही तर ते उडवायचा त्यांचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झालाय, म्हणून वडिलांच्या नावाने उघडलेल्या अकाउंटमध्ये अधूनमधून लॉगिन करत जा.

मायक्रोसॉफ्ट. फुकट फक्त ५ जीबी, पण मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलं तर पर्सनलमध्ये १ टीबी आणि फॅमिलीमध्ये सहा जणांना प्रत्येकी १ टीबी. वर्ड-एक्सेल असंही लागत असेल तर घरासाठी यापेक्षा स्वस्त काही पडत नाही, मी भाऊ, बहीण, आई, सगळ्यांना एकातच घातलंय. पैसे भरणाऱ्यांना मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला अख्खं वनड्राइव्ह मागे नेता येतं, रॅन्समवेअर आला तर हे सोन्यासारखं आहे. मात्र विंडोज ११ च्या सेटअपमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचा "बॅकअप" बऱ्याचदा आपोआप चालू होतो, तेव्हा ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत हलवली जातात. मग ५ जीबी भरतात, लाल फुल्या दिसायला लागतात, माणूस घाबरून बंद करतो आणि डेस्कटॉप रिकामा दिसतो. घाबरू नका, फाइल्स यूजर फोल्डरच्या आतल्या वनड्राइव्हमध्ये असतात, तिथून उचलून परत आणायच्या.

ड्रॉपबॉक्सबद्दल थोडक्यात. फुकट २ जीबी म्हणजे आजच्या काळात काहीच नाही, पेड २ टीबीपासून. पण मोठ्या फाइलचा फक्त बदललेला तुकडा वर पाठवण्यात तो फार आधीपासून हुशार आहे, १० जीबीच्या फाइलमध्ये थोडा बदल झाला तर पूर्ण १० जीबी परत जात नाही. रोज मोठ्या डिझाइन फाइल्सवर काम करणाऱ्या टीमला बरं, घरच्या माणसाला महाग.

आयक्लाउड मॅक आणि आयफोनवाल्यांनी घ्यावं, ५ जीबी फुकट, विंडोजवर मला ते कधी धड वाटलं नाही.

आता खऱ्या बॅकअपवाल्यांकडे. बॅकब्लेझ ही २००७ पासूनची कॅलिफोर्नियातली कंपनी, एका कॉम्प्युटरला वर्षाला ९९ डॉलर (हा भाव ऑक्टोबर २०२३ चा, आजचा बघून घ्या), आणि जागेला मर्यादा नाही. लॅपटॉपला जोडलेली एक्सटर्नल डिस्क त्यातच. लावलं की काही निवडायचं नाही, आपल्या बहुतेक फाइल्स ते स्वतःच उचलतं, हा त्याचा गुण. पण तीन गोष्टी बघा. एक, जुन्या आणि उडवलेल्या फाइल्स डिफॉल्टने ३० दिवसच राहतात, सेटिंगमध्ये जाऊन ते एक वर्ष करता येतं आणि त्याचे जादा पैसे नाहीत, पण ते आपण स्वतः करावं लागतं. पहिल्याच दिवशी करा. दोन, विंडोजचं फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्स असल्या गोष्टी ते घेत नाही. नॅसही (नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा) नाही. तीन, स्वतःची किल्ली लावली तरी वेबसाइटवरून फाइल परत घेताना ती तिथे टाकावी लागते, त्यामुळे ज्यांना पक्की गुप्तता पाहिजे त्यांनी विचार करावा. डेटा परत घेताना ते ८ टीबीपर्यंतची हार्ड डिस्क भरून पाठवतात, डिस्क ३० दिवसांत परत केली की तिचे पैसे परत. न्यू जर्सीतल्या भावाला हे सोयीचं, चिपळुणात बसून कस्टमच्या भानगडीत कोण पडणार.

आयड्राइव्हचं उलटं आहे. जागा ठरलेली, कॉम्प्युटर कितीही. दुकानात दोन मशीन, घरी लॅपटॉप, फोन, सगळं एकाच अकाउंटात, एक्सटर्नल आणि नॅसही चालतं. फाइलच्या ३० पर्यंत जुन्या आवृत्त्या राहतात, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॉम्प्युटरवरून उडवलेली फाइल तिकडून आपोआप उडत नाही, आपण स्वतः साफसफाई चालवली तरच जाते. म्हणजे आमच्या पोराने केलेला घोटाळा इथे झाला नसता. दोष सांगायचे तर स्क्रीन जुनाट आणि गजबजलेली, पहिल्या वर्षी घसघशीत सूट आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव, आणि ठरलेल्या जागेच्या वर गेलात तर जादा आकारणी. प्रायव्हेट की अकाउंट उघडतानाच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही. १० जीबी फुकट मिळतं, त्यात आधी खेळून बघा.

ज्यांना तांत्रिक खटपटीची भीती नाही त्यांनी डुप्लिकाटी किंवा रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्यावं, दोन्ही फुकट, आणि जागा बॅकब्लेझ बी२ वर भाड्याने घ्यावी, ऑक्टोबर २०२३ मध्ये भाव १ टीबीला महिना ६ डॉलर होता, म्हणजे १०० जीबीला ६० सेंट, आजचा बघून घ्या. जेवढं वापरलं तेवढंच बिल. थोड्या जागेला स्वस्त आणि पक्कं, पण बिघडलं तर दुरुस्त करणारे तुम्हीच. ॲमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह अजून स्वस्त आहे आणि त्यांचं मुंबईत सेंटरही आहे, पण तिथे ठेवलेलं परत मागितलं की साधारण १२ तास थांबावं लागतं, बाहेर काढायचे वेगळे पैसे, आणि १८० दिवसांच्या आत उडवलं तरी त्या मुदतीचं भाडं लागतं. तो बॅकअप नाही, माळा आहे.

माझा निकाल असा. एकच लॅपटॉप आणि भरपूर फोटो असतील तर बॅकब्लेझ. दोन-तीन मशीनचं दुकान किंवा ऑफिस असेल तर आयड्राइव्ह. ५० जीबीच्या आतली कागदपत्रं असतील तर गूगल किंवा वनड्राइव्ह आणि सोबत दर महिन्याला एका हार्ड डिस्कवर कॉपी, जी लगेच काढून वेगळ्या घरात ठेवायची. ते पण पुरे होतं.

सहावी पायरी: लावताना

अकाउंट स्वतःच्या ईमेलवर उघडा. हे सांगायला लागू नये पण आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येतो, स्वतःच्या जीमेलवर सगळं चालू करून देतो, आणि दोन वर्षांनी त्याचा नंबर लागत नाही. रिकव्हरी फोन नंबर चालू आहे का बघा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि त्याचे बॅकअप कोड छापून ठेवा. प्रायव्हेट की कागदावर दोनदा लिहा, एक प्रत घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा बहिणीकडे. कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर पासवर्डची टेक्स्ट फाइल ठेवून कॉम्प्युटर गेला तर काय, हे सांगायला नको.

पहिल्या दिवशी सगळं टाकू नका. आधी ५-१० जीबीचं सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर, ते पूर्ण गेलं की पुढचं. वेळ रात्रीची लावा. वनड्राइव्ह किंवा गूगलमध्ये ऑनलाइन-ओन्ली झालेल्या फाइल्स असतील (त्यांच्यावर ढगाचं चिन्ह असतं) तर त्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरला नीट दिसतीलच असं नाही, त्या आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फार लांब पाथ असलेल्या फाइल्सही सुटतात, विंडोजमध्ये २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून त्रास देते, आणि आपल्याकडे फोल्डरात फोल्डर करून "श्री गणेश मंडळ अहवाल फायनल नवीन फायनल" अशी नावं द्यायची सवय. पहिला बॅकअप झाला की लॉग (सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद) उघडून किती फाइल्स सुटल्या तो आकडा बघा, हिरवी टिक बघून खूश होऊ नका.

सातवी पायरी: परत काढून बघा

हे निम्मे लोक करत नाहीत आणि ह्याच्याशिवाय वरचं सगळं फुकट आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसा, ज्यावर तुमचं काहीच नाही, आणि तीन गोष्टी मागा: चार महिन्यांपूर्वीची एक फाइल, एक मोठी फाइल, आणि मराठी नावं असलेलं एक पूर्ण फोल्डर. घड्याळ लावून बघा किती वेळ लागतो. मराठी नावांचं मुद्दाम सांगतोय, कारण काही जुनी झिप सॉफ्टवेअर देवनागरी नावांचा चुराडा करतात, "पत्रिका" उघडायला जावं तर प्रश्नचिन्हांची रांग. सेव्हन-झिपने उघडलं की बहुतेक वेळा नीट येतं.

आम्ही ही परीक्षा मामाच्या घरी, मामेबहिणीच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर घेतली. तिचा लॅपटॉप, त्यावर मी पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) टाकला, आयड्राइव्हवरून एका शाळेच्या स्मरणिकेचं फोल्डर उतरवलं, पाऊण तास लागला, फाइल उघडली, पानं दिसली, फोटोंच्या चौकटी जागेवर होत्या. मी विजयी मुद्रेने मामाकडे बघितलं. मामाने चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "वाच बघू काय लिहिलंय."

काहीच वाचता येत नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, मध्येच एखादा पाउंड. ते सगळं काम श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये होतं, कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाही, आणि फॉन्ट राहतात विंडोजच्या फोल्डरमध्ये, जे आम्ही बॅकअपमध्ये घेतलंच नव्हतं. बॅकब्लेझ तर ते फोल्डर स्वतःहूनच सोडून देतं. दुकानातलं मशीन बुडालं असतं तर हातात १८० जीबीची चिन्हं राहिली असती.

तेव्हा डीटीपी, प्रेस, वर्तमानपत्र, जुन्या मराठी फाइल्स असलेली कुठलीही संस्था, सगळ्यांनी हे करा. कंट्रोल पॅनेलमधलं फॉन्टचं फोल्डर उघडा, तुम्ही टाकलेले सगळे फॉन्ट कॉपी करा, कामाच्या फोल्डरच्या शेजारी "फॉन्ट" नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा, सॉफ्टवेअरचा सेटअप आणि लायसन्सचे कागद स्कॅन करून त्यातच टाका (सेटअपची ईएक्सई झिप करून, नाहीतर काही सर्व्हिस ती गाळतात). आणि पक्क्या झालेल्या प्रत्येक कामाची फॉन्ट एम्बेड केलेली (म्हणजे फॉन्ट आतच भरलेली) पीडीएफ सोबत ठेवा, म्हणजे काहीच उघडलं नाही तरी मजकूर डोळ्यांना दिसेल आणि परत टाइप करता येईल.

ते करून परत तीच स्मरणिका उघडली. मामाने मुखपृष्ठावरचं शाळेचं नाव मोठ्याने वाचलं, मग आतल्या पानावरची एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि म्हणाला, ही तेव्हाच छापून गेलेली.